नाव लिहू नका

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. सांगायची वेळ अनेकदा आली आणि दर वेळी मी विषय बदलला. निवृत्तीच्या निरोपसमारंभात बोलायला उभा राहिलो तेव्हा ती अगदी ओठांवर आली होती, पण मी विद्यार्थ्यांच्या प्रेमाबद्दल बोललो आणि शाल घेऊन खाली बसलो. आता माझी बायपास झाली आहे. अनोळखी नंबरवरून फोन आला की अजूनही मी तो लगेच उचलत नाही, आधी भिंतीला टेकून उभा राहतो. हे असं का, ते घरात कुणाला माहीत नाही. निदान कागदावर तरी असावं, म्हणून लिहितो.

आकुर्डीच्या बाजूला एका फार्मसी कॉलेजात मी आयुष्यभर शिकवलं. अर्धी मुलं भोसरी, मोशी, चाकण इकडची, जुन्या गावांतली. अर्धी लातूर, बीडकडून आलेल्या कामगारांची. शेवटच्या वर्षाचा निकाल सलग खाली जात होता आणि तपासणी समिती यायची होती. प्राचार्य मॅडम वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, हुशार आणि सतत घाईत. त्यांनी सांगितलं, प्रत्येकाने काहीतरी संशोधन दाखवायचं. मी विषय घेतला : फार्मसीची मुलं मुळात शिकतात कशासाठी? त्यांना कशाची ओढ असते, आणि ती मोजता येते का?

अशा प्रश्नावल्या तयार मिळतात. एक घेऊन मी तिचं मराठी केलं. "नवीन काही समजलं की मला आनंद होतो." "नापास झालो तर घरी तोंड दाखवता येणार नाही." "पदवीमुळे चांगली नोकरी लागेल." "मी इथे का येतो, हे मला खरं तर माहीत नाही." प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे, एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. पटेल त्यावर गोल करायचा. शेवटी दोन-चार रिकाम्या ओळी, आणखी काही सांगायचं असेल तर.

वर्गात मी मोठ्याने बजावलं, "नाव लिहू नका. रोल नंबर लिहू नका. कुणाचा कागद कुठला ते मलाही कळणार नाही. खरं लिहा."

मागून एकाने विचारलं, "सर, खरं लिहिलं तर इंटर्नल मार्क कापणार नाही ना?"

"खोटं लिहिलंस तर कापीन."

"पण सर, खोटं कुणाचं हे कळणार कसं?"

वर्ग हसला. मीही हसलो. तेव्हा माझ्या हातातल्या प्रत्येक कागदाच्या मागच्या कोपऱ्यात, स्टेपलची घडी पडते तिथे, पेन्सिलीने रोल नंबर घातलेला होता.

तो का घातला, हे मी स्वतःला अनेक प्रकारे समजावलं आहे. मार्कांशी ताळा करायचा तर कागद कुणाचा ते कळायला हवं, हे एक. ते खोटं नाही. पण त्याआधी हात आपोआप चालला होता, हेही खरं. आमच्या धंद्यात लेबल नसलेली बाटली म्हणजे विष समजायचं. मुलाने लोशन कितीही सुंदर बनवलेलं असो, बाटलीवर लेबल नसेल तर मी ते त्याच्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतून द्यायचो. मुलं चिडायची, एखादी मुलगी रडायची, मी ऐकायचो नाही. आदल्या संध्याकाळी घरच्या टेबलावर त्या कोऱ्या, बिननावाच्या कागदांचा गठ्ठा पाहून मला चैन पडेना. पेन्सिल घेतली आणि लिहीत सुटलो. ताळा झाला की खोडून टाकू, असं मनाशी म्हटलं. वर्गात प्रॅक्टिकलच्या बैठकीप्रमाणेच, रोल नंबरच्या क्रमाने कागद वाटले. मुलांना त्याची सवयच होती, कुणाला काही वाटलं नाही.

कागद तपासताना एक असा आला की मला वाटलं, माझीच काही चूक होते आहे. आनंदाच्या वाक्यापुढे पाच. विषय आवडतो, पाच. का येते ते माहीत नाही, याच्यापुढे एक. अख्ख्या वर्गात इतकी ओढ कुणाचीच नव्हती. खालच्या ओळींत लिहिलं होतं :

"मला हे सगळं शिकायला आवडतं. पण पास झाले की माझं लग्न आहे. मुलाकडच्यांनी चाकणला मेडिकलसाठी गाळा घेऊन ठेवलाय, लायसन माझ्या नावावर काढणार आहेत. नापास झाले की एक वर्ष मिळतं. म्हणून येत असलं तरी पेपरात लिहीत नाही. घरी कळलं तर माझं काही खरं नाही. नाव लिहायचं नाही म्हणालात म्हणून लिहितेय."

कागद तसाच गठ्ठ्यात सरकवता आला असता. मी तो उलटा केला.

चाकणच्या अलीकडच्या गावातली मुलगी होती. शेवटच्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलेली. प्रॅक्टिकलला तिचा हात इतका स्थिर की तिचं इमल्शन कधी फुटलेलं मी पाहिलं नाही. बाकीच्यांचं तेल वर तरंगायला लागलं की ते हिच्या टेबलाशी गोळा व्हायचे. पेपरात मात्र पानंच्या पानं कोरी. हाताने हुशार, डोक्याने मंद, असा तिच्याबद्दलचा माझा निकाल कधीच लागून गेला होता.

ते वाचून मला पहिली भीती वाटली ती तिच्यासाठी, एवढं मी माझ्या बाजूने म्हणू शकतो. काही दिवस तो कागद माझ्या बॅगेत होता आणि बॅग कुठे ठेवली तरी माझं लक्ष तिच्याकडे. खोडरबर घेऊन तो आकडा पुसायला हवा होता. दोन मिनिटांचं काम. ते मी केलं नाही.

मग मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. पुढ्यात निकालाचे कागद. "सर, सगळ्यात जास्त मुलं तुमच्या विषयात नापास होतात. तुमच्या मुदतवाढीचा विषय मी संस्थेपुढे कुठल्या तोंडाने मांडू?"

निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि घरी बसण्याची मला भयंकर धास्ती होती. मी म्हणालो, "मॅडम, सगळेच काही माझ्या शिकवण्याने नापास होत नाहीत. काही जण मुद्दाम होतात."

"मुद्दाम? मुद्दाम कोण नापास होईल, सर?"

मी रोल नंबर सांगितला. नाव उच्चारलं नाही. नाव घेतलं नाही म्हणजे शब्द पाळला, असं त्या क्षणी मला खरोखर वाटलं.

मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे, पालकांना अंधारात ठेवणं बरोबर नाही. मी म्हणायला हवं होतं की तिने लिहिलंय, घरी कळलं तर काही खरं नाही. तो कागद माझ्या मांडीवरच्या बॅगेत होता. मी बॅगेची चेन धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. एके काळचे शेतकरी. जमीन एमआयडीसीत गेल्यावर त्यांनी क्रेन घेतल्या होत्या, त्या कंपन्यांना भाड्याने देत. पांढराशुभ्र शर्ट, पण खुर्चीच्या कडेला अवघडून बसलेले. मॅडमनी गोड शब्दांत सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण पेपर जाणूनबुजून कोरा सोडते, असं सरांच्या पाहणीत दिसून आलंय.

"पाहणीत? म्हंजी तिनं सोताच सांगितलं व्हय?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

ते थोडंसं हसले. "आमी म्हणतोय पोरगी डोक्यानं कमी हाय. तिची आय तिच्यासाठी चतुर्थ्या धरतीया. आन ही बया आमच्या तोंडाला पानं पुसतीया."

तिला प्रॅक्टिकलमधून बोलावलं. ॲप्रन घालूनच आली, हाताला पेपरमिंटच्या तेलाचा वास. वडील बसूनच म्हणाले, "काय गं? येतंय तरी पेपर कोरा सोडतीस? व्हय का न्हाई?"

तिने वडलांकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहत राहिली. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो. त्याच्या आत एक निळं फूल होतं.

"व्हय," ती म्हणाली.

"काढ त्यो कोट. चल."

तिने ॲप्रन काढला, नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. वडील दारापर्यंत गेले आणि वळून त्यांनी मला हात जोडले. "लई उपकार झालं, सर. तुमी सांगितलं नसतं तर आमी असंच नवसं करत बसलो असतो."

ती कॉलेजला यायची थांबली. फोन बंद. तिच्या बाकावरची मैत्रीण मला जिन्यात भेटली. "सर, तिच्या घरी काय सांगितलंत तुम्ही? मेसेज जात नाहीत तिला."

"मी काही सांगितलं नाही. मॅडम बोलल्या."

"तिच्या वडलांचा हात लई जड आहे, सर," ती म्हणाली आणि खाली निघून गेली.

त्यानंतर मला झोप लागेना. जेवताना घास फिरायचा. बायको म्हणाली, निवृत्ती जवळ आली म्हणून होतंय. मी हो म्हटलं. एका दुपारी प्रयोगशाळेतले शिपाई, सगळे त्यांना मामा म्हणत, माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "सर, विषाच्या कपाटातली एक बाटली जागेवर न्हाई."

"कुठली?"

त्यांनी सांगितलं. त्या कपाटाला कुलूप असतं, पण प्रॅक्टिकलच्या तासाला ते उघडंच राहतं. ज्या तासातून तिला बोलावलं, तो तास त्याच प्रयोगशाळेत होता.

"शेवटची कधी पाहिलीत?"

"मागल्या आठवड्यात आसंल. मी खालच्या लॅबला बघून येतो. तुमी बसा, तुमचं तोंड कसं झालंय बघा."

मी बसलो नाही. मॅडमना सांगायला हवं होतं, तिच्या वडलांना फोन लावायला हवा होता. लावला असता तर ते विचारणार, तुम्हाला असं का वाटलं? मग कागद निघाला असता, कागदामागचा आकडा निघाला असता. एक मुलगी जिवाचं काही करून घेईल अशी भीती छातीत असताना मी हा हिशोब करत होतो. एकटाच स्कूटर काढून तिच्या गावाकडे निघालो.

भोसरीचा पूल ओलांडेपर्यंत ठीक होतं. पुढे नाशिक रस्त्यावर शिफ्ट सुटलेली. कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, टेम्पो, सगळं एकाला एक चिकटून उभं. खिशातला फोन दोनदा थरथरला आणि काढून बघायची माझी हिंमत झाली नाही. मोशीच्या पुढे समोरून, चाकणच्या बाजूने, अँब्युलन्स येत होती. तिकडची रांगही अडकलेली. सायरन नुसता वाजत होता, पुढे सरकत नव्हता. तिच्यात तीच आहे याबद्दल मला शंका उरली नाही. मी स्कूटर दुभाजकाला टेकवली, पलीकडे गेलो आणि अँब्युलन्सच्या पुढच्या टेम्पोच्या दारावर थापा मारायला लागलो. "बाजूला घे! दिसत नाही का मागे काय आहे?"

टेम्पोवाला वैतागून म्हणाला, "काका, उडून जाऊ का?"

"उडून जा!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. शेवटी त्याने चाक फुटपाथवर चढवलं. अँब्युलन्स माझ्या शेजारून गेली तेव्हा मी काचेतून आत पाहिलं. कुणीतरी म्हातारा माणूस होता, नाकाला नळी लावलेला. मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्याच्या त्या अवस्थेकडे बघून मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

घर विचारत विचारत सापडलं. तीन मजली नवं बांधकाम, शेजारी पत्र्याच्या शेडखाली पिवळी क्रेन. दारात चपलांचा आणि बुटांचा ढीग होता.

एवढ्या चपला एका दारात दोनच कारणांनी असतात, आणि मला त्यातलं एकच सुचलं. मी क्रेनच्या चाकाला धरून उभा राहिलो. आत जावं की मागच्या मागे निघून जावं, याचा मी खरोखर विचार केला. तेवढ्यात आतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला.

लग्नाची तारीख धरायला पाहुणे आले होते.

"या, या, सर!" तिचे वडील उठून पुढे आले. "बरूबर टायमाला आला. पाव्हणं, हेच बरं का त्ये सर. ह्यांच्यामुळं पोरीची गाडी रुळावर आली." मला मधल्या खुर्चीत बसवलं. कुणीतरी म्हणालं, सर घामाघूम झालेत, फॅन वाढवा.

ती चहाचा ट्रे घेऊन आतून आली. साडी नेसलेली, डोक्यावर पदर. डाव्या मनगटावर भरगच्च बांगड्या, आणि बांगड्यांच्या वर कोपरापर्यंत काळसर वळ. माझ्यापुढे वाकून ती फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "सर, तुम्ही कशाला आलात?"

"बरी आहेस ना?"

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मी कशाला घाबरून इतक्या लांब आलो होतो, ते तिला कळलं असावं.

"जिवंत आहे," ती म्हणाली आणि शेजारच्या पाहुण्यापुढे ट्रे धरला.

चहा निम्मा झाला असताना फोन वाजला. या वेळी उचलला. मामा होते. "सर, सापडली. फर्स्ट इयरला वजनाच्या खोलीत नेलेली, कुणी परत ठिवलीच न्हाई. मगापासून लावतोय तुमाला." मी बरं म्हणालो आणि उरलेला चहा प्यायलो. पोहे पुढे आले, तेही खाल्ले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली होती. बाटली सापडली म्हणजे सगळंच मिटलं, अशा हलकेपणाने मी खात होतो आणि तो वळ मला बसल्या जागेवरून दिसत होता.

मुलाचे चुलते पलीकडून म्हणाले, "सर, औंदा पास व्हईल ना? गाळ्याला शटर लावून ठिवलंय आमी."

मी म्हणू शकलो असतो, विषय अवघड आहे, एखादं वर्ष जाईल. मास्तराच्या शब्दावर त्या खोलीत कुणी शंका घेतली नसती. तिला हवं होतं ते वर्ष मी तिथे बसल्या बसल्या देऊ शकत होतो. ती आतल्या दाराशी रिकामा ट्रे घेऊन उभी होती.

"होईल," मी म्हणालो. "हुशार आहे."

ती पास झाली. परीक्षेच्या दिवसांत वडील तिला गाडीतून सोडायचे आणि पेपर सुटेपर्यंत समोरच्या रसवंतीत बसून राहायचे. माझ्या विषयात तिच्याएवढे मार्क कुणालाच नव्हते. निकाल वर गेला. मला मुदतवाढ मिळाली. माझा निबंध एका परिषदेत वाचायला निवडला गेला. त्यात एक वाक्य होतं, सहभागी विद्यार्थ्यांची ओळख कोणत्याही टप्प्यावर नोंदवलेली नाही. ते मी माइकवर, सावकाश, न अडखळता वाचलं. श्रोत्यांतून कुणी विचारलं, शिकायची ओढ खूप आणि मार्क मात्र कमी, असं एखादं उदाहरण आढळलं का? मी म्हणालो, एक होतं, पण ते हिशोबात बसत नव्हतं म्हणून वगळलं.

लग्नाची पत्रिका घेऊन तिचे वडील स्वतः घरी आले. आळंदी रस्त्यावरच्या मोठ्या लॉनवर लग्न होतं. जाताना मी रिक्षात वाक्यं जुळवत होतो. आहेर देताना एखादा क्षण एकटी सापडेल, तेव्हा बोलून टाकायचं, असं ठरवलं होतं. इकडच्या लग्नांत मंगलाष्टकांआधी मानकऱ्यांचे सत्कार होतात, हे मला ठाऊक होतं. त्यात आपलंही नाव असेल हे डोक्यात आलं नाही. नगरसेवक झाले, सरपंच झाले, आणि निवेदक म्हणाला, "आता आपल्या लाडक्या नवरीचे गुरुवर्य! ज्यांनी या मुलीला हाताला धरून पदवीपर्यंत नेलं!" दोघांनी मला स्टेजवर चढवलं. एकाने फेटा बांधला, इतका आवळून की कानशिलं ठणकायला लागली. शाल, नारळ. समोर मॅडम टाळ्या वाजवत होत्या.

ती पाया पडायला वाकली. उठताना माझ्या कानाशी थांबली.

"सर, तुम्ही मला अक्षरावरून ओळखलंत ना?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मीच अक्षर बदलून लिहायला पाहिजे होतं. तुमची काय चूक त्यात? इतकी वर्षं आमची जर्नल तपासता, तुम्हाला कळणारच."

किती दिवस ती हे मनाशी घोळवत असेल कुणास ठाऊक. कुणी फसवलं नाही, आपलाच वेंधळेपणा झाला, असं तिने ठरवून टाकलं होतं, आणि मी हो म्हणावं म्हणून माझ्याकडे बघत होती.

मी होकारार्थी मान हलवली.

निवेदकाने माइक माझ्या तोंडासमोर आणला. "सर आशीर्वादाचे दोन शब्द बोलतील." मांडव शांत झाला. तिचे वडील हात जोडून उभे. ती अजून माझ्याकडेच बघत होती. मला त्या हजार माणसांची भीती वाटली, तिच्या वडलांची वाटली, समोर बसलेल्या मॅडमची वाटली. मी म्हणालो, "दोन्ही घरांचं कल्याण होवो." बँड सुरू झाला आणि मला हाताला धरून खाली उतरवलं.

चाकणच्या त्या रस्त्याने मी पुन्हा गेलो नाही. गाळ्यात ती स्वतः बसते, की तिचं फक्त लायसन भिंतीवर टांगलेलं आहे, तेही मला माहीत नाही. तेव्हा माइक बाजूला सारून जे तिच्या एकटीच्या कानाशी म्हणायचं राहिलं, ते असं होतं : नाही गं, अक्षरावरून नाही. मी तुम्हा सगळ्यांच्या कागदांवर चोरून खूण केली होती. तुझी काही चूक नाही, मी फसवलं. मला माफ कर.